तक्त्यातला ‘बार’ आणि घरातले एस्प्रेसो मशीन

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

घरगुती एस्प्रेसो मशीनची तुलना करणारे जे तक्ते पुरवण्यांमधून छापून येतात, त्यांत एक रकाना हटकून असतो : दाब किती बार (बार हे दाब मोजायचे एकक). 15 बारवाल्यापेक्षा 20 बारवाले सरस, असा त्यातून वाचकाचा ग्रह होतो. हा ग्रह चुकीचा आहे. शिवाय त्या रकान्यापायी ज्या गोष्टी खरोखर पाहायला हव्यात त्या नजरेआड होतात, म्हणून हे पत्र.

एस्प्रेसो म्हणजे बारीक पुडीतून दाबाने गरम पाणी ढकलून काढलेली दाट कॉफी. तिच्यासाठी पुडीच्या थरावर सुमारे 9 बार दाब लागतो. इटलीतल्या एस्प्रेसो संस्थेचे प्रमाणही हेच आहे : 7 ग्रॅम पूड, 88 अंशांच्या आसपासचे पाणी, 9 बार दाब, 25 सेकंद आणि कपात 25 मिलिलिटर. हल्ली घरी बहुतेक जण दुहेरी मापाने करतात, म्हणजे 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी आणि पाणी 90 ते 96 अंश. खोक्यावरचे 15 किंवा 20 बार म्हणजे पंपाची कमाल ताकद. पुढची वाट पूर्ण बंद केली तर तो जेवढा दाब निर्माण करू शकतो, तेवढा तो आकडा. पाणी वाहू लागले की दाब उतरतो. नीट बनवलेल्या मशीनमध्ये जादा दाबाचे पाणी बाजूला वळवणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि तो 9-10 बारवर बसवलेला असतो. तो नसला किंवा फार वर बसवलेला असला, तर बारीक पुडीचा थर नको तितका चेपला जातो, कुठेतरी भेग पडते आणि पाणी तिथूनच पळते. जाणकार याला चॅनेलिंग म्हणतात. भेगेजवळच्या पुडीतून जास्तीचा अर्क निघून कडवटपणा येतो, उरलेल्या पुडीतून पुरेसा निघत नाही म्हणून आंबटपणा येतो, आणि हे दोन्ही एकाच घोटात लागतात. म्हणजे विक्रेता जो आकडा अभिमानाने सांगतो, तो कह्यात ठेवण्यासाठी बनवणाऱ्याला आणखी एक भाग बसवावा लागतो!

दुसऱ्या टोकाला वाफेवर चालणारी छोटी मशीन असतात. यांत पंपच नसतो. बंद बॉयलरमध्ये पाणी उकळते आणि वाफच त्याला पुडीतून ढकलते. लुईजी बेझेरा यांचे 1901 चे मशीन याच तत्त्वावर चालत असे. अकिल्ले गाज्जा यांनी 1940 च्या दशकात तरफेचे मशीन बाजारात आणले, तेव्हा पहिल्यांदा 8-9 बार दाब आणि त्याबरोबर क्रेमा, म्हणजे कॉफीवर तरंगणारा दाट फेस, मिळू लागला. पंप रुळला तो फाएमा कंपनीच्या 1961 च्या ई61 या मशीनपासून. आजच्या वाफेच्या मशीनमध्ये दाब जेमतेम दीड ते तीन बार असतो आणि पाणी शंभर अंशांच्या वर गेलेले असते, त्यामुळे कॉफी कडक होते पण एस्प्रेसो होत नाही. ही मशीन ओळखणे सोपे आहे. पाणी भरायला काढता येणारी टाकी नसेल आणि वरच्या तोंडावर आट्यांचे जाड झाकण घट्ट फिरवावे लागत असेल, तर ते वाफेचे समजावे. तेवढाच कडकपणा हवा असेल तर 1933 पासून चालत आलेला, चुलीवर ठेवायचा मोका पॉट पुरेसा आहे. त्यात बिघडण्यासारखे रबरी रिंगेखेरीज फारसे काही नाही.

आता खरी पाहण्याची गोष्ट, म्हणजे बास्केट. पोर्टाफिल्टरमधली, म्हणजे पूड भरून मशीनला अडकवायच्या मुठीच्या भागातली, धातूची वाटी बाहेर काढा आणि उलटी करून उजेडात धरा. तळाला शेकडो बारीक छिद्रे दिसली तर ती एकपदरी. आतून पुष्कळ छिद्रे पण बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे एकच, अशी असली तर ती दुपदरी. दुपदरी वाटीत दाब पुडीमुळे तयार होत नाही, त्या एका छिद्रामुळे होतो. म्हणून पूड जाड असो की शिळी, वर फेस येतोच. तो फेस खरा क्रेमा नव्हे. ज्यांना तयार पुडीचे पाकीट वापरायचे आहे त्यांच्यासाठी ही वाटी सोयीची आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र पुढे हात बसल्यावर सुधारणा करायची असेल, तर त्या मापाची एकपदरी वाटी सुटी मिळते का, हे आधीच विचारून ठेवावे. 58 मिलिमीटर हे व्यावसायिक मशीनचे माप असल्याने त्यात वाट्या, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा), गॅस्केट (रबरी रिंग) सर्रास मिळतात. 54, 53 आणि 51 मिलिमीटरमध्येही चांगली मशीन आहेत, पण सुट्या भागांची निवड मर्यादित राहते.

एकपदरी वाटी घेतली की ग्राइंडरला पर्याय नाही, आणि बहुतेकांचे गणित चुकते ते इथेच. एस्प्रेसोचा ग्राइंडर म्हणजे छोटे जातेच. दोन पाळ्यांमधले अंतर केसाएवढे बदलले तरी कॉफी बदलते. फिरत्या पात्याचा ग्राइंडर दळत नाही, चिरतो. त्यात काही कण भुकटी होतात, काही रव्याएवढे राहतात आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढते. फिल्टर कॉफीसाठी केलेले ग्राइंडरही इथे अपुरे पडतात, कारण त्यांचे दळण बारीक-जाड करायचे खटके दूर दूर असतात. एका खटक्यावर शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, 16 सेकंदांत संपतो आणि पुढच्याच खटक्यावर 45 सेकंद लागतात, मधली जागाच नाही. म्हणून खटक्यांविना सलग फिरणारा किंवा निदान अगदी जवळजवळचे खटके असलेला ग्राइंडर घ्यावा. हाती घेतलेल्या पैशाचा चाळीस ते पन्नास टक्के भाग त्याच्यासाठी काढून ठेवावा. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असे वाटेल खरे, पण साध्या मशीनला चांगला ग्राइंडर जोडला तर कॉफी चांगली होते. उलट जोडीत ती होत नाही. पैसे आखडते असतील तर हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्यावा. 18 ग्रॅमला मिनिटभर हात दुखेल, इतकेच. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटाही लागतोच. चमच्याने मोजलेल्या पुडीत एक-दोन ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तेवढ्याने शॉटची वेळ पाच-सात सेकंद हलू शकते.

जुळवणी करताना पूड आणि पेयाचे वजन कायम ठेवून फक्त दळण बदलावे. 36 ग्रॅम 15 सेकंदांत आले तर दळण बारीक करावे, 45 सेकंद लागले तर जाड. दळण बदलल्यावर आधीची थोडी पूड ग्राइंडरच्या आतच अडकलेली असते, म्हणून पहिले काही ग्रॅम टाकून द्यावेत. नाहीतर बदल झालाच नाही असे वाटते, माणूस चाक आणखी फिरवतो आणि पुढच्या वेळी मशीन तुंबते. टॅम्पर किती जोराने दाबला याची फार चिंता नको, तो तिरका पडता कामा नये. तिरक्या थरात पाणी उतरत्या बाजूने धावते. बिया भाजल्यापासून साधारण एक ते चार आठवड्यांच्या असाव्यात. त्याहून ताज्या बियांतला वायू शॉट उधळतो, फार जुन्या बियांतून क्रेमा उरत नाही.

तापमानाबाबत घरगुती मशीनचे चार प्रकार पडतात. थर्मोब्लॉकमध्ये तापलेल्या धातूच्या नागमोडी वाटेने पाणी जाते. मिनिटा-दोन मिनिटांत मशीन तयार होते, म्हणून सकाळी एक कप करून घर सोडणाऱ्याला हेच सोयीचे. एक बॉयलरवाले मशीन कॉफीसाठी 93 अंशांच्या आसपास आणि वाफेसाठी 125 अंशांच्या वर, असे आलटून-पालटून चालते. यात क्रम महत्त्वाचा : आधी सगळे शॉट काढावेत, मग दूध. दुधानंतर लगेच शॉट काढला तर पाणी फार तापलेले असते, तेव्हा वाफेचे बटण बंद करून थोडे पाणी वाहू द्यावे. या प्रकारात साधा थर्मोस्टॅट असेल तर तापमान बरेच वरखाली होते, तापमान सतत मोजून उष्णता कमी-जास्त करणारे पीआयडी नियंत्रण असेल तर ते जागेवर राहते. ज्यादा पैसे द्यायचेच तर त्यासाठी द्यावेत, रंगीत पडद्यासाठी नकोत. हीट एक्स्चेंजरवाल्या मशीनमध्ये वाफेच्या बॉयलरमधून कॉफीच्या पाण्याची नळी जाते. दोन्ही कामे एकाच वेळी होतात, पण मशीन बराच वेळ नुसते चालू राहिले तर नळीतले पाणी जास्त तापते, म्हणून शॉटआधी थोडे सोडून द्यावे लागते. चौथे दोन बॉयलरवाले. ते वजनदार आणि महाग असते. ई61 पद्धतीचे जाड पितळी डोके (पोर्टाफिल्टर अडकवतात तो भाग) असेल तर तापायला अर्धा तास धरावा. रोज चार-पाच दुधाच्या कॉफी होत नसतील तर हा थाट कशाला, असे आमचे मत.

दुधासाठी वाफेच्या नळीचे टोक पाहावे. वर हवेचे छिद्र असलेली जाड नळकांडी टोपी बसवलेली असेल तर फेस आपोआप होतो, पण मोठ्या बुडबुड्यांचा. मऊ, रेशमी फेसासाठी उघडी नळी आणि बारीक छिद्रांचे टोक हवे. थंड दूध भांड्यात निम्म्याहून कमी घ्यावे, पहिले काही सेकंद टोक पृष्ठभागाशी ठेवून हवा घ्यावी, मग ते बुडवून दूध गोल फिरू द्यावे आणि 60 ते 65 अंशांवर थांबावे. 70 च्या पुढे गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसून वाफेचा एक झोत सोडावा. सुकलेले दूध छिद्रात बसले की ते टाचणीने कोरत बसावे लागते.

माहितीपत्रकात ठळक न छापला जाणारा, पण सुरक्षेशी निगडित असा एक भाग म्हणजे तीन मार्गी सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणारा) व्हॉल्व्ह. शॉट थांबवताच ‘फुस्स’ आवाज होऊन थोडे पाणी खालच्या ट्रेमध्ये पडत असेल, तर तो आहे. तो वाटीतला दाब काढून घेतो आणि पुडीची चकती बरीच कोरडी निघते. तो नसेल तर शॉटनंतर निदान मिनिटभर पोर्टाफिल्टरला हात लावू नये, कारण उरलेल्या दाबाने उकळता चोथा अंगावर उडतो. बिनछिद्रांची वाटी आणि डिटर्जंट वापरून पाणी उलटे फिरवून डोके आतून धुवायची सोयही फक्त हा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनलाच असते. ज्याला तो नाही त्याचे डोके जाळी उघडून, ब्रशने घासून साफ करायचे.

मशीन मरतात ती बहुधा पाण्याने. जड पाणी तापले की कॅल्शियमचे क्षार सुटून थर धरतात. आधी थर्मोब्लॉकची अरुंद वाट बारीक होते, मग व्हॉल्व्ह अडकतो आणि शेवटी तापवणारी कॉइल जळते. याच्या भीतीने काहीजण अगदी शुद्ध, क्षारहीन पाणी टाकतात, आणि ते आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे आहे. त्या पाण्यात कॉफी निस्तेज होते, शिवाय काही बॉयलरमधला पातळी मोजणारा दांडा पाण्यातून वीज वाहण्यावर अवलंबून असतो, त्याला असे पाणी दिसतच नाही. विरघळलेले क्षार लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपास असावेत, 75 ते 250 पर्यंत चालतात. मात्र टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, जडपणा नाही. त्यासाठी रंग बदलणाऱ्या पट्ट्या वेगळ्या मिळतात. थर काढायचे द्रव निर्मात्याने सांगितले असेल तेच वापरावे, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या बॉयलरला तीव्र आम्ल सोसत नाही.

कॅप्सूलचे मशीन स्वच्छ आणि झटपट. एका कॅप्सूलमध्ये पूड साधारण 5-6 ग्रॅमच असते आणि आपण त्याच घाटाच्या कॅप्सूलना बांधले जातो, हे पत्करून घ्यावे. बिया टाकल्या की कप देणाऱ्या स्वयंचलित मशीनमध्ये आतला ब्रू ग्रुप (पूड दाबून कॉफी काढणारा भाग) बाहेर काढून नळाखाली धुता येतो का, एवढे तरी पाहावेच. तेलकट काळ्या भाजणीच्या बिया त्यात घालू नयेत, त्या एकमेकींना चिकटून ग्राइंडरकडे सरकतच नाहीत. हाताच्या तरफेचे मशीन चवीला उत्तम आणि दुरुस्तीला सोपे असते. त्यातल्या अनेकांत वाफेची सोय नसते आणि शॉटआधी त्याचे धातूचे भाग उकळत्या पाण्याने तापवावे लागतात.

शेवटी जागेचे. टाकी वरून निघते की मागून, वर कपाट असेल तर ती निघेल का, उंच कप खाली मावतो का, हे टेप लावून पाहावे. मशीन हलके असेल तर पोर्टाफिल्टर फिरवताना ते ओट्यावर सरकते आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवावे लागते. परदेशातून आणायचे असेल तर व्होल्टेज जुळले पाहिजे. 110-120 व्होल्टचे मशीन 220-240 व्होल्टवर जळते, आणि हजार-दीड हजार वॉटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर मशीनइतकाच अवजड असतो.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा त्यातला बारचा रकाना गाळावा. त्या जागी बास्केट कोणती, तापमान-नियंत्रण कसले, तीन मार्गी व्हॉल्व्ह आहे की नाही आणि गॅस्केट सुटी मिळते का, असे चार रकाने द्यावेत. जागा कमी पडली तर रंगाचा रकानाही काढायला हरकत नाही.

आपले,
काही कॉफीप्रेमी वाचक