चौऱ्याऐंशीव्या मिनिटाचं पत्र

कोल्हापूर
२० ऑक्टोबर २०२५, पहिली आंघोळ

प्रिय सुध्या,

कानामागं उटणं अजून तसंच आहे आणि मी पत्र लिहायला बसलोय, यावरून काय ते ओळख. चार महिने एक ओळ नाही, तुझे दोन फोन घेतले नाहीत, त्याबद्दलच्या शिव्या राखून ठेव, दिवाळी झाली की एकरकमी घेतो. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच आहे. पुढं.

काल ॲनफिल्डवर, लिव्हरपूलच्या घरात, आपलं मँचेस्टर युनायटेड दोन-एक. आणि दुसरा गोल कुणाचा? आपल्या स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बॅकचा, हॅरी मॅग्वायरचा. हाताला खरं वाटतंय का ते बघायला परत एकदा लिहितो: मॅग्वायर, ॲनफिल्ड, चौऱ्याऐंशीवं मिनिट, हेडर. जानेवारी २०१६ मध्ये रूनीनं मारला होता, त्यानंतर लीगमध्ये तिथं आपण काल जिंकलो. तुझ्याकडं मस्कतला साडेसातलाच सुरू झाली असेल मॅच. इथं नऊ वाजता. फटाके आधीच चालू होते, त्यामुळं ओरडलो ते शेजारी कुणाला कळलं नाही.

आता माफीचं. ऑगस्ट २०२३ आठव. वेस्ट हॅमशी त्याचा तीन कोटी पौंडाला सौदा ठरत आला होता, जुलैमध्ये तेव्हाच्या कोच टेन हागनं त्याची कॅप्टनशिप काढून मिडफील्डर ब्रुनोला दिलेली, आणि मी म्हणालो होतो, टेम्पो करून पाठवा, भाडं मी देतो. तू एकटा म्हणत होतास की माणूस बरा आहे, उभा चुकीच्या जागी केलाय. त्यावर मी आणि बंड्यानं तुला जे काय बोललो ते बोललो. तर सुध्या, तुझं निम्मं बरोबर होतं. निम्मं. लगेच उड्या मारू नकोस, उरलेल्या निम्म्यासाठीच हे पत्र आहे.

त्याच्या चुकांची यादी काढ आणि प्रत्येकीपुढं तो तेव्हा मैदानात कुठं होता ते लिही. दोनच रोग निघतात. पहिला, पाठीमागं तीस-चाळीस मीटर मोकळं रान असताना. उंची एक मीटर चौऱ्याण्णव, अंग जड. अशा स्टॉपरनं तिरकं उभं राहायचं असतं, एक पाय मागं, आणि समोरच्यानं लांब पास मारायला मान खाली घातली की चेंडू सुटायच्या आधीच दोन पावलं मागं निघायचं. वेग कमी असला तरी लवकर निघून भागतं. मॅग्वायर छाती सरळ चेंडूकडं करून उभा राहतो, वजन टाचांवर. मग आधी कंबर वळणार, मग एक पाय दुसऱ्यावरून पलीकडं पडणार, आणि त्यानंतर पळायला सुरुवात. तोवर फॉरवर्ड दोन-तीन मीटर निघून गेला. मग हा शर्ट धरतो किंवा मागून पाय घालतो, आणि कार्ड. ऑक्टोबर २०२० मध्ये वेम्बलीवर डेन्मार्कविरुद्ध एकतिसाव्या मिनिटालाच दोन पिवळी घेऊन बाहेर गेला होता. दोन्ही फाऊल उशिरा पोचलेल्या माणसाचे.

दुसरा रोग, स्वतःच्या गोलकडं तोंड करून चेंडू घेणं. सेव्हियाविरुद्ध, एप्रिल २०२३, आठवं मिनिट. आपला गोली डि हेआनं डीच्या (गोलपुढच्या पेनल्टी चौकटीच्या) तोंडाशी पास दिला, त्यांचा लामेला अंगावर आला, चेंडू त्याला लागून एन-नेसिरीकडं, गोल. इथं चेंडू येईपर्यंत दोनदा मान वळवून मागं बघायचं असतं. कुणी हाताच्या अंतरावर दिसला तर एका टचमध्ये परत गोलीकडं, नाहीतर सरळ गॅलरीत. आपल्या शाहू स्टेडियमवर स्टॉपरनं चेंडू गॅलरीत घातला तर टाळ्या पडतात, आणि डीत चकवाचकवी करायला गेला तर लोक त्याच्या तालमीचा उद्धार करतात. ती अक्कल जगात सगळीकडं आहे, फक्त आठ कोटी पौंड मोजून आणलेल्या बॅकला गॅलरीत मारायची लाज वाटते. तू तेव्हा म्हणाला होतास की तिघांनी घेरलेल्या माणसाला पास देणारा डि हेआ जास्त दोषी. तेही आज कबूल. दिवाळी आहे म्हणून.

(टॉटनहॅमकडून खाल्लेला सहा-एक कुठल्या रोगात बसवायचा ते मला अजून कळलेलं नाही. आपल्याच लूक शॉला ओढून खाली पाडायचं आणि एन्दोम्बेलेला मोकळं सोडायचं, याला वैद्यकशास्त्रात नाव नसावं.)

आता ह्याच माणसाला डीच्या आत उभा कर, पाठीमागं फक्त गोलकीपर. वळायचा प्रश्नच मिटला. क्रॉस आला की डोकं, शॉट आला की अंग. २०१८ च्या वर्ल्डकपला इंग्लंडनं त्याला तिघांच्या बॅकलाइनमध्ये खेळवला, २०२१ मध्ये झालेल्या युरोत तो स्पर्धेच्या संघात निवडला गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये आपण त्याला लिव्हरपूलच्या स्टॉपर व्हॅन डाइकपेक्षा महाग घेतला आणि काम मात्र व्हॅन डाइकचं दिलं: बचावाची लाइन वर ठेव, मागचं सगळं रान एकटा राख. बैल नांगराला चांगला म्हणून घेतला आणि शर्यतीला जुंपला. शर्यत हरला की बैलाला शिव्या. मीच देत होतो, माहीत आहे.

कोच अमोरिमच्या तीन-चार-तीनमध्ये, म्हणजे मागं तीनच बॅक, काल उजवीकडं डि लिख्ट, डावीकडं शॉ, मध्ये हा. खाली सरकणाऱ्या फॉरवर्डचा पाठलाग बाजूचे दोघं करतात, मधल्यानं घर राखायचं. आडवं दहा मीटर इकडं, दहा तिकडं, बस. दोन्ही कडांचे विंगबॅक खाली आले की पाच जण होतात आणि ह्याच्या वाट्याला नुसतं डोकं आणि ब्लॉक उरतात. पण फुकट काही मिळत नाही. पाच जण डीत गोळा झाले की बाहेर परत पडलेला चेंडू उचलायला कॅसेमिरो आणि ब्रुनो दोघंच, आणि मग समोरचे शॉटवर शॉट मारतात. काल लिव्हरपूलच्या गाक्पोनं तीनदा खांब हलवला, मग गोल केला, आणि शेवटी मोकळा हेडर बाहेर घालवला. त्यातला एक खांब चार बोटं इकडं असता तर हे पत्र वेगळ्या भाषेत असतं. तेव्हा बचाव भक्कम होता वगैरे मला सांगू नकोस.

गोल मात्र बघण्यासारखा. तू एकदाच बघितला असशील, मी सकाळपासून अकरा वेळा. ब्रुनोनं चेंडू आत टाकला तेव्हा मॅग्वायर मागच्या खांबापाशी, आणि राखणारे सगळे चेंडूकडं बघतायत. मागच्या खांबाची गंमतच ही आहे की राखणाऱ्याला चेंडू आणि माणूस एका नजरेत दिसत नाहीत. एकाकडं बघितलं की दुसरा जातो. बचावात जो माणूस उशिरा निघतो म्हणून आपण बोंबलतो, तोच इथं मुद्दाम उशिरा निघतो. खालून दोन-तीन पावलं, आणि नुसती मान झटकत नाही, कंबरेतून सगळं अंग चेंडूच्या मागं घालतो. ह्याच मैदानावर जानेवारीत दोन-दोन असताना शेवटच्या क्षणाला झिर्कझीच्या पासवर ह्यानं जवळून बारवरून मारला होता, आठवतं? तेव्हा पाय होता. पायाला आणि डोक्याला एकाच माणसाचं म्हणायला जीवावर येतं.

आणि हे एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणालो असतो. फेब्रुवारीत एफए कपला लेस्टरविरुद्ध शेवटी हेडर. ऑफसाइड होता, ढळढळीत, त्या फेरीत व्हिडिओ बघून निकाल देणारं व्हीएआर नव्हतं, चूप. एप्रिलमध्ये लिऑनविरुद्ध: जादा वेळेत चार-दोन मागं, ब्रुनोची पेनल्टी, मेनूचा गोल, आणि एकशे एकविसाव्या मिनिटाला परत हाच, त्याला तेव्हा सरळ सेंटर फॉरवर्ड करून पुढं पाठवला होता. यंदा ऑगस्टमध्ये ग्रिम्स्बीला एकोणनव्वदाव्या मिनिटाला बरोबरी करून दिली. पेनल्टीवर बारा-अकरानं हरलो ते वेगळं, त्यावर मी बोलणार नाही, तूही बोलू नकोस. आणि बिल्बाओला युरोपा लीगच्या सेमीफायनलमध्ये उजव्या विंगवर बचाववाल्याला चकवून क्रॉस टाकला, उगार्तेनं पुढं ढकलला, कॅसेमिरोनं गोल केला. तो क्रॉस बघून बंड्या म्हणाला, हा नक्की आपलाच आहे का, का कपडे बदलून कोण आत घुसलाय.

घानाच्या खासदाराचं तुला सांगितलं होतं का? आयझॅक अडोंगो. २०२२ मध्ये त्यांनी भर संसदेत उपराष्ट्राध्यक्षांच्या अर्थकारभाराला मॅग्वायरची उपमा दिली, म्हणजे आपल्याच गोलमध्ये गोल करणारा. वर्षभरानं त्याच संसदेत उभं राहून मॅग्वायरची माफी मागितली, की हा सुधारला, आमची अर्थव्यवस्था नाही सुधारली. २०२३ च्या नोव्हेंबरात तो लीगचा प्लेअर ऑफ द मंथ झाला होता, फुलहॅम, लूटन, एव्हर्टन तिन्ही जिंकल्या, गोल एकही खाल्ला नव्हता. म्हणजे खासदार माझ्या आधी दोन वर्षं शहाणा झाला.

आता ज्यासाठी झोप नाही ते. त्याचं काँट्रॅक्ट जून २०२६ ला संपतंय. मार्चमध्ये तेहतीस पुरी. गेल्या जानेवारीत क्लबनं हातातलं एक वर्ष वाढवून घेतलं, आता हातात काही नाही. आणि काल रात्रीपासून सगळे रडत रडत म्हणतायत, दोन वर्षं द्या, तीन द्या. तूही म्हणशील. तुझा आवाज मला इथं ऐकू येतोय.

बघ, यंदा तो बरा दिसतोय त्याला एक साधं कारण आहे. गेल्या सीझनला आपण लीगमध्ये पंधरावे आलो, म्हणून युरोपातल्या स्पर्धा नाहीत. ग्रिम्स्बीनं लीग कपही संपवला. आठवड्याला एकच मॅच. जड अंगाच्या माणसाला सहा दिवस विश्रांती मिळतेय. पुढच्या वर्षी युरोप आला की गुरुवार-रविवार, गुरुवार-रविवार, आणि त्याची पोटरी नि मांडी दोन्ही आधी बोललेल्या आहेत. पोटरीनंच २०२४ ची युरो घालवली. पाय थकले की पहिल्यांदा जातं ते तेच, लवकर निघणं. म्हणजे जो रोग तीन जणांच्या लाइननं झाकलाय तोच परत वर येणार.

दुसरं, आपला पोरसवदा स्टॉपर योरो. येत्या महिन्यात वीस पूर्ण. त्याच्याकडं जे आहे ते शिकवून येत नाही, मागं वळून पळायचा वेग. लाइन वर न्यायची असेल तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तो बाकावर बसून मोठा होणार नाही. मॅग्वायर मध्ये असला की लाइन आपोआप पाच-सात मीटर खाली येते. लाइन खाली आली की पुढच्या तिघांचं आणि बॅकचं अंतर वाढतं, मधल्या दोघांची धाव वाढते, आणि साठाव्या मिनिटानंतर आपण चेंडू नुसता लांब मारत बसतो. काल दुसऱ्या हाफला तेच झालं.

माझं म्हणणं, एक वर्ष द्या, वाढवायचा हक्क क्लबकडं. वीस-बावीस मॅच. लांब चेंडू टाकणाऱ्या, लांब थ्रोवाल्या, कॉर्नरवर जगणाऱ्या संघांपुढं सुरुवातीपासून. एका गोलनं पुढं असलो तर शेवटची वीस मिनिटं. एका गोलनं मागं असलो तरी शेवटची दहा, सेंटर फॉरवर्ड म्हणून, हसू नकोस. आणि जिथं समोरचा संघ आपल्याला वर ओढून पाठीमागं चेंडू टाकतो तिथं बाकावर, मान्य असो नसो. यात त्याचा अपमान कुठं आहे? तू म्हणशील डि लिख्टही काही हरीण नाही. खरं आहे. म्हणून तर मध्ये दोघं जड एकदम नकोत असं म्हणतोय.

तुला हे पटणार नाही. २०१९ पासून तुला माझं एकच वाक्य पटलंय, ते फ्रेडबद्दलचं.

बाकी, नवीन घर कसं आहे? चिन्मयचं बारावीचं वर्ष, त्याला मॅच बघू देतोस का? वहिनींना सांग, फराळाचं पार्सल शुक्रवारी गेलंय, चकल्या मोडल्या असतील तर दोष आमच्या पॅकिंगचा. आण्णांचा डोळा झाला, नीट दिसतंय, आता टीव्हीच्या चार फुटांवर बसतात.

शनिवारी ब्रायटन आहे, आपल्याच मैदानावर, तुझ्याकडं साडेआठला. मॅग्वायरला घेतला तर चेंडूकडं बघू नकोस. त्यांच्या फॉरवर्ड वेलबेककडं बघ. तो सरकत सरकत खाली येईल. त्याच्यामागं मॅग्वायर गेला तर मागं भगदाड. जागेवर राहून डि लिख्टला हात करून पाठवला तर तेव्हा बोललास ते सगळं मी परत एकदा कबूल करीन. हाफ टाइमला फोन कर. या खेपेला उचलतो.

तुझा,
दिग्या