वेदनाशामके आणि हाडे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांची चर्चा आपल्याकडे होते ती व्यसनाच्या अंगाने. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले तेव्हाही तसेच झाले. हाडांचा विषय क्वचितच निघतो, आणि निघालाच तर ‘या गोळ्यांनी ग्रोथ हार्मोन आटते, मुलांची उंची खुंटते’ एवढ्यावर तो उरकला जातो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

मॉर्फिनच्या एखाद्या मात्रेनंतर माणसाच्या रक्तातील ग्रोथ हार्मोन उलट वाढलेले आढळते. औषध दीर्घकाळ चालू राहिले की चित्र पालटते. पाठीच्या कण्यातील द्रवात पंपाद्वारे ही औषधे घेणाऱ्या ७३ रुग्णांचा बेल्जियममधील अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे १५ टक्के रुग्णांत ग्रोथ हार्मोनची कमतरता दिसली, पण लैंगिक संप्रेरकांची घट बहुसंख्य रुग्णांत होती. माझ्या मते हाडांचे खरे दुखणे या घटीत आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला मिळणारा संकेत मंदावतो, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रोजेन कमी होतात आणि हाड जितके झिजते तितके नव्याने घडत नाही. त्यातच औषधाच्या गुंगीने तोल जाऊन म्हातारी माणसे पडतात.

पौगंडावस्थेत उंची झपाट्याने वाढते, कारण लैंगिक संप्रेरकांमुळे ग्रोथ हार्मोनचे प्रमाणही चढते. म्हणून या वयात अशी औषधे महिनोन्‌महिने द्यावी लागली, तर वाढीवर लक्ष ठेवणे योग्य ठरते. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस दिलेल्या औषधाने मात्र कोणाची उंची खुंटत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला तर या भीतीपोटी मॉर्फिन नाकारणे हा क्रूरपणाच होय. ते सुलभपणे मिळावे म्हणूनच २०१४ साली कायदा बदलण्यात आला.

ज्यांचे औषध दीर्घकाळ चालणार आहे, त्यांच्या टेस्टोस्टेरॉनची, ‘ड’ जीवनसत्त्वाची आणि गरजेनुसार हाडांच्या घनतेची तपासणी व्हावी. स्त्री रुग्णांना पाळीविषयी आवर्जून विचारावे. पुरुष रुग्ण कामेच्छा कमी झाल्याचे आपणहून सांगत नाहीत, आणि आम्ही डॉक्टरही, संकोच म्हणा वा घाई, तो प्रश्न बहुधा टाळतो.

— एक निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, सातारा