जाळ्यात आलेल्या पत्र्याची नोंद कुठे करायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १ जानेवारी आली की कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्रात १९७८ साली मुंबईसमोर समुद्रात पडलेल्या ‘एम्परर अशोक’ विमानाची आठवण चार ओळींत छापून येते. मी ती कात्रणं ठेवतो. मुरूड तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत मी तीस वर्षं चिटणीस होतो, वडील नाखवा, म्हणजे बोटीचे मालक होते, त्यामुळे दर्यात पडलेल्या विमानांचा विषय आमच्या घरात बातमीपुरता कधीच नव्हता. त्याबद्दलच थोडं सविस्तर लिहितो आहे. पत्र लांबलं आहे, तरी जमल्यास पूर्ण छापावं.

आधी घरची गोष्ट. १९९६ सालचा दिवाळीनंतरचा हंगाम. वडिलांच्या डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, बोंबील आणि जवळ्याबरोबर एक पत्रा आला. दीड हात लांब, वीतभर रुंद, एक कड कागद फाटावा तशी फाटलेली. एका अंगाला कालवं चिकटलेली. दुसऱ्या अंगाला रिव्हेटांच्या दोन सरळ रांगा, शिवणयंत्राची शिलाई असावी इतक्या नेमक्या, आणि त्यांच्या मधे पोपटी-पिवळ्या रंगाचा पातळ थर. एवढा मोठा तुकडा, पण हातात घेतला तर वजनच लागेना. वडिलांनी तो दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “बोटीचा न्हाय ह्यो. वरून पडलेला हाय.” मग त्यांनी घरून नारळ मागवला आणि बंदरावरूनच दर्याला दिला. कुणाचं तरी माणूस त्याच्याबरोबर गेलं असणार, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तो पत्रा गोणपाटात गुंडाळून आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो. तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, जाळं नेमकं कुठे मारलं होतं त्याचा कागद आहे का? कागद कुठून असणार? वडिलांनी डोंगराची आणि देवळाच्या कळसाची खूण सांगितली, किती वाव पाणी (एक वाव म्हणजे सहा फूट खोली) ते सांगितलं. कुणी काही लिहून घेतलं नाही. भरतीची एक वेळ बुडाली, एसटीचं भाडं गेलं आणि संध्याकाळी पत्रा घेऊन आम्ही परत आलो. पुढे नऊ वर्षं तो आमच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून राहिला. २००५ च्या पुरानंतर घर आवरताना भंगारवाल्याकडे गेला. त्याची मला आज फार रुखरुख वाटते.

आपल्या किनाऱ्यासमोर किती विमानं पडली ते पाहा. २८ जुलै १९६३ ला मुंबईत उतरू पाहणारं युनायटेड अरब एअरलाइन्सचं कॉमेट विमान मुसळधार पावसात, वादळी हवेत मढच्या बाजूला समुद्रात कोसळलं. ६३ जण होते, एकही वाचला नाही. त्यांत फिलिपाइन्सच्या बालवीरांचं २४ जणांचं पथक होतं, ग्रीसमधल्या जागतिक मेळाव्याला निघालेलं. त्यांच्या देशात केझॉन सिटीमधल्या रस्त्यांना या मुलांची नावं दिली आहेत. ज्या पाण्यात ती गेली त्या पाण्याच्या काठावर मी मात्र त्यांचं नाव कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मग १९७८ ची १ जानेवारी. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, बोइंग ७४७, रात्री पावणेनऊच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर साधारण ३ किलोमीटरवर पाण्यात गेलं. २१३ माणसं. विमान किती कललंय ते दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. विमान सरळ झालं तरी ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं, म्हणून त्यांनी डावीकडे वळवलं, आणखी वळवलं, आणि विमान उलटं होत खाली गेलं. अनुभवी माणसाला डोळ्यांनी का कळलं नाही, असं शहरातले लोक विचारतात. काळोखात दर्यावर गेलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वद्य पक्षातली रात्र, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची, किनाऱ्यावरचे दिवे पाठीमागे गेलेले आणि समोर पश्चिम. अशा वेळी आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते दिसत नाही. आम्ही निदान पाण्यावर बसलेलो असतो.

तेलविहिरींवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरांची तर वेगळीच यादी होईल. ११ ऑगस्ट २००३ ला मुंबईसमोरच्या समुद्रात ओएनजीसीच्या लोकांना नेणारं एमआय-१७२ पडलं, २९ पैकी २७ गेले. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. १३ जानेवारी २०१८ ला जुहूहून निघालेलं डॉफिन हेलिकॉप्टर पडलं, सातही जण गेले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ एक हेलिकॉप्टर पाण्यावर उतरवावं लागलं, नऊपैकी पाच वाचले, चार गेले.

खाली गोव्याकडे नौदलाची विमानं. २४ मार्च २०१५ च्या रात्री एक डॉर्नियर समुद्रात पडलं. त्यात लेफ्टनंट किरण शेखावत यांच्यासह दोन अधिकारी गेले. तिसरे अधिकारी वाचले, आणि त्यांना पाण्यातून उचललं ते एका मासेमारी बोटीने. नोव्हेंबर २०२० मध्ये मिग-२९के पडलं तेव्हा एक वैमानिक लगेच सापडले, दुसरे, कमांडर निशांत सिंह, अकरा दिवसांनी ७० मीटर पाण्याखाली मिळाले. आमच्या मापात ३८-४० वाव. तेवढ्या पाण्यात ट्रॉलरची जाळी रोज फिरतात.

आमच्या अगदी शेजारचा अपघात नांदगावचा. १० मार्च २०१८ ला तटरक्षक दलाचं चेतक हेलिकॉप्टर मुरूडजवळ नांदगावच्या खडकाळ किनाऱ्यावर तातडीने उतरवावं लागलं. चारही जण जिवंत होते. सहवैमानिक पेनी चौधरी बाहेर पडत असताना अजून फिरत असलेलं पातं त्यांच्या डोक्याला लागलं आणि त्याच महिन्यात उपचार चालू असताना त्या गेल्या. मी नंतर ती जागा पाहून आलो. ओहोटीला तिथे काळ्या खडकांत पाय ठरत नाही. त्या दिवसापासून एक गोष्ट मी भेटेल त्या तरुण खलाशाला सांगतो: हेलिकॉप्टर पडलेलं दिसलं तर पातं पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही. पण हे एका निवृत्त चिटणीसाने नाक्यावर उभं राहून सांगायचं काम आहे का? बोटीचा परवाना नवा करायला आम्ही दरवर्षी रांगेत उभे राहतो. त्याच वेळी अर्धा तास हे शिकवता येईल. पाण्यावर तेल पसरलं असेल तर कुठल्या बाजूने बोट न्यायची, कोणत्या वस्तूला हात लावायचा नाही, वायरलेसवर ठिकाण कसं सांगायचं. १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक आमच्या पोरांना पाठ आहे. त्यापुढचं कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक बाब माझ्या लक्षात आली, ती तारखा मांडून पाहिल्यावर. १९६३ चा अपघात जुलैतला, २०२२ चा जूनअखेरचा. त्या दिवसांत आमच्या बोटी किनाऱ्यावर झापांखाली असतात. पूर्वी रिवाजाने असायच्या, आता १ जून ते ३१ जुलै बंदीच असते. म्हणजे हवा सगळ्यात वाईट असते तेव्हाच दर्यावर मदतीला आमचं माणूस नसतं. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ ही मुंबईहून रेवसला जाणारी प्रवासी बोट बुडाली तेव्हा रेवसच्या कोळ्यांचे मचवे त्या पाण्यात होते म्हणून कित्येकांचे जीव वाचले. बाकी सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत प्रत्येक मोठ्या बंदरात किमान एक बोट बचावासाठी तेल-पाण्यासकट सज्ज ठेवावी, तिच्या खलाशांना रोजगार द्यावा, असं सोसायटीच्या सभेत मी दोनदा मांडलं होतं. ठराव झाले, पुढे काही झालं नाही.

पण माझं मुख्य मागणं त्याहून साधं आहे. समुद्रातून वर आलेल्या विमानाच्या तुकड्याची नोंद घेणारी वही प्रत्येक बंदरात हवी.

तुकडा मिळाला की खलाशी काय करतो ते मी सांगतो. परत पाण्यात टाकतो. कारण तो किनाऱ्यावर आणला तर चौकशी, जबाब, दोन-तीन दिवस मोडणार. विमान अपघात तपास नियमांप्रमाणे अपघातग्रस्त विमानाचे अवशेष परवानगीशिवाय हलवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे, पुरावा आहे तो. पण जाळ्यात आपोआप आलेल्या वस्तूचं काय करायचं हे खलाशाला कुणीतरी समजेल अशा मराठीत सांगायला हवं. ब्लॅक बॉक्सवरचं यंत्र पाण्याखाली आवाज देत राहतं, पूर्वी ३० दिवस, आताची नवी ९० दिवस. एवढ्या मुदतीत शोध लागला तर लागला. अशा वेळी एखाद्या तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) ‘अमुक ठिकाणी माझं जाळं अडकलं, हा पत्रा आला’ असं त्याच दिवशी सांगितलं तर शोधणाऱ्यांचे किती दिवस वाचतील! आता प्रत्येक बोटीवर जीपीएस आहे. वडिलांसारखी डोंगराची खूण सांगायचीही गरज राहिलेली नाही.

म्हणून वहीत एवढंच असावं: तारीख, जीपीएसचे आकडे, किती वाव पाणी, वस्तूचा फोटो, बोटीचा क्रमांक. एक प्रत तटरक्षक दलाला, एक विमान अपघात तपास विभागाला. आणणाऱ्याला पावती. आणि जाळं फाटलं असेल तर त्याची भरपाई, कारण त्याशिवाय कुणी सांगायला पुढे येणार नाही. ट्रॉलरचं जाळं पाण्याखालच्या सांगाड्यात अडकलं की दोर कापून द्यावा लागतो आणि हंगामाची कमाई तिथेच राहते. ही माहिती एकत्र झाली तर अडचणीच्या जागा नकाशावर येतील, त्या टाळताही येतील.

चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, मोपाचा २०२३ मध्ये, नवी मुंबईचाही झाला. आमच्या डोक्यावरून जाणारी विमानं वाढणार आहेत. ती सगळी सुखरूप पोचोत, हीच दर्याजवळ प्रार्थना. पण तयारी आत्ताच व्हावी, आणि संबंधित खात्यांपर्यंत हे आपल्या वर्तमानपत्रातून पोचावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

सरकारी वही येईपर्यंत मी आमच्या बंदरापुरती एक साधी दोनशे पानी वही सोसायटीच्या टेबलावर ठेवली आहे. पहिली नोंद मीच केली: सन १९९६, दिवाळीनंतर. डोल जाळी. पत्रा, दीड हात बाय एक वीत, रिव्हेटांच्या दोन रांगा, आतून पोपटी रंग. नाखवा हयात नाहीत. वस्तू उपलब्ध नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चिटणीस, मुरूड, जि. रायगड