वहिनींच्या विशारदची बातमी

वडोदरा, रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

वहिनी गाण्यात विशारद झाल्या, तेही पन्नाशीनंतर! मी तुझं पत्र मोठ्याने वाचत होतो, शुभाने तेवढंच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग पुढचा मजकूर आला. निकाल ऐकून तू म्हणालास, "छान. पण आता या वयात त्याचा उपयोग काय?" तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं, रात्री दोघांची तोंडं दोन दिशांना. आणि तू विचारतोस, मी असं काय वाईट बोललो?

अविनाश, त्या आनंद घेऊन तुझ्याकडे आल्या होत्या आणि तू हिशोब विचारलास.

दुःखात तू कधी कमी पडला नाहीस. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातल्या बाकावर रात्री काढणारा तूच. म्हणूनच तुला हे कोडं पडलंय. साथ म्हणजे संकटातली साथ, असंच आपण धरून चालतो. शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर जोडप्यांना समोर बसवून एकमेकांशी बोलायला लावलं, एकदा वाईट घटनेबद्दल, एकदा चांगल्या. 2006 साली ते काम प्रसिद्ध झालं. नातं किती सुखाचं आहे, याचा माग वाईट बातमीपेक्षा चांगल्या बातमीला मिळालेल्या प्रतिसादात जास्त लागत होता. मला ते मनापासून पटतं. अडचणीत आधार घेताना माणसाला थोडं ओशाळंही वाटतं, आपण कमी पडलो असं वाटतं. आनंद सांगताना तसलं ओझं नसतं. तेव्हा एवढंच बघायचं असतं की माझ्या जिवाला काय लागून राहिलंय हे या माणसाला कळतं का, आणि त्याची त्याला किंमत आहे का.

आणि नुसतं "छान" म्हणून पेपरात डोकं घालणं, हेसुद्धा गेबलबाईंच्या अभ्यासात नात्याला पोषक ठरलं नव्हतं. शब्द चांगला असला तरी माणूस तिथे नसतो.

माझी कविता पहिल्यांदा दिवाळी अंकात छापून आली तेव्हा शुभा फोडणी घालत होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "वाच." वाचून झाल्यावर तिने विचारलं, "ही तिसरी ओळ कशी सुचली रे?" कौतुक पुष्कळांनी केलं, पण असं कुणी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला ती त्या दुपारी नव्याने जवळची वाटली. जवळीक म्हणजे फक्त अंथरुणातली नव्हे. पण तिथलीही इथूनच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

वहिनींची माफी मागायची तर जरूर माग, पण तेवढ्यावर थांबू नकोस. परीक्षकांनी कोणता राग विचारला, तबल्याला कोण होतं, कुठे धाकधूक झाली, कुठला आलाप मनासारखा लागला, हे सगळं विचार. उत्तर लांबलं तर लांबू दे. पहिल्या दिवशी त्या "काही नाही, झालं ते झालं" म्हणतील. रागावू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

आणि दोघं इकडे या. गायक मौलाबक्षांनी 1886 साली सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू केलेली गायनशाळा आता विद्यापीठाचा विभाग आहे, सुरसागर तलावाजवळच. वहिनींना ती बघायचीच असेल. मग संध्याकाळी आमच्याकडे त्यांचं गाणं. शुभाने तंबोरा जवारी काढायला, म्हणजे तारा नीट घुमाव्यात म्हणून, दिलाही आहे. तू समोर बसायचंस, फोन बंद करून. तारीख कळव.

तुझा,
मधू