मानेला हात लावणाऱ्याची नोंद कुठे आहे? आरोग्यमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : मान आणि मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्यांची नोंदणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात येता, तेव्हा विधानभवनापासून धंतोली काही लांब नाही. गल्लोगल्ली दवाखाने असलेल्या या भागात मी फिजिओथेरपी करते. राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक माझ्या टेबलामागे भिंतीवर लावलेला आहे. माझ्या हातून काही बिघडलं तर पेशंटला तक्रार कुठे करायची ते कळतं. 'स्पाइन अलाइनमेंट' किंवा 'अ‍ॅटलस करेक्शन' अशी पाटी लावून मानेवर काम करायला मात्र दुकानाचा गुमास्ता परवाना पुरतो. मणके हाताने 'जागेवर बसवण्याच्या' या विद्येला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. आपल्या देशात तिच्यासाठी वेगळी परिषद नाही, त्यामुळे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून कुणाची सनद काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. हे वाचून कुणी म्हणेल, बाईंना धंद्याचा मत्सर आहे. म्हणू द्या.

मागणी बंदीची नाही, हे आधीच सांगते. या विद्येत शिकलेली माणसं आहेत, आणि सगळेच काही मान कडाकड मोडत नाहीत. 1895 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केलं. त्यांचा मुलगा बी. जे. पामर याने पुढे सगळा भर मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांवर दिला, आणि त्यातूनच आजची 'हलक्या हाताची' पद्धत आली. यात झटका नसतो, पिळणं नसतं. पेशंटला कुशीवर झोपवून कानामागे, जबड्याच्या मागच्या बाजूला बोटभर जागेवर अगदी हलका दाब देतात. बघणाऱ्याला वाटतं, काही केलंच नाही.

ती जागा कोणती, ते समजलं की माझी काळजी समजेल. पहिला मणका, अ‍ॅटलस, म्हणजे डोक्याखालची चुंबळच. त्याला इतर मणक्यांसारखं भरीव अंग नसतं, नुसतं कडं असतं, आणि त्यावर कवटी टेकलेली असते. खालच्या दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती हे कडं फिरतं. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं जवळपास निम्मं वळण या एका सांध्यात होतं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर चढतात आणि अ‍ॅटलसवरून वेढा घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात पिळली तर ताण नेमका तिथे येतो. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली की गुठळी धरते, गुठळी सुटली की लकवा.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये याच विषयावर निवेदन काढलं. मानेवरचे झटके आणि धमनीची चीर यांचा संबंध दिसतो, पण झटक्यामुळेच चीर पडली हे सिद्ध झालेलं नाही, आणि पेशंटला ही शक्यता आधी सांगायला हवी, असा त्याचा आशय. सिद्ध का होत नाही, तर धमनीची चीर स्वतःच मान आणि डोकं दुखवते. माणूस दुखतं म्हणून उपचाराला जातो, तेव्हा चीर आधीच पडलेली असू शकते. कायरोप्रॅक्टिकच्या बाजूचे लोक हा मुद्दा बचावासाठी मांडतात. तो बरोबरही आहे. पण त्याचा अर्थ असा की चिरलेली धमनी घेऊन माणूस पायी चालत टेबलापर्यंत येऊ शकतो, आणि त्याच्या मानेला पहिला हात लावणाऱ्याला ते ओळखता आलं पाहिजे. म्हणून 'आम्ही झटका देतच नाही' एवढ्याने माझं समाधान होत नाही. हलक्या हाताचा धोका उशिरात आहे. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जीभ जड झालेल्या, एकाचे दोन दिसणाऱ्या, चालताना झोकांड्या खाणाऱ्या माणसाला 'अ‍ॅटलस सरकला आहे, तीन सिटिंग लागतील' असं सांगून घरी पाठवलं, तर बोटाचा दाब कितीही मऊ असला तरी काय उपयोग?

माझ्याकडे कळमन्याच्या बाजारात पोती वाहणारा एक हमाल आला होता. एका लॉनवरच्या शिबिरात त्याची मान 'बसवून' दिलेली. "मॅडम, दोन दिवस भल्लं बरं वाटलं, मग डाव्या हाताला मुंग्या येऊन राहिल्या," म्हणाला. शर्टाची बटणं लावायला सांगितली तर वरचं बटण बोटांतून तीनदा निसटलं. गुडघ्याखाली हातोडी टेकवली, पाय नको इतका उडाला. मज्जारज्जूवर दाब असल्याची ही खूण आहे, त्याला मी तिथून थेट न्यूरोसर्जनकडे पाठवलं. शिबिरात हे कुणी तपासलं होतं का, विचारलं. "टोकन होतं ना मॅडम, लाइन मोठी होती."

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. सतत दुखणारी मान, रात्रीचा ताप आणि उतरलेलं वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी मनात यायला हवा. संधिवाताच्या जुन्या पेशंटमध्ये वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल झालेले असतात. अशा मानेला झटका देणं म्हणजे काय, ते लिहायची गरज नाही.

आवाजाबद्दल थोडं लिहितेच, कारण सगळा बाजार त्यावर चालतो. मोबाइलवरच्या रील्समध्ये मानेशी माइक धरलेला असतो, 'कडाक' झालं की बघणाऱ्याला वाटतं हाड जागेवर बसलं. सांधा ताणला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, हा तिचा आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 2015 मध्ये बोटाच्या सांध्याचं एमआरआय घेऊन हे दाखवलं. हाड कुठून कुठे गेलेलं नसतं. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेत. त्याने निदान माइक तरी लावला नव्हता.

मान 'सरळ' केली की बीपी, थायरॉइड, मायग्रेन जातं, असंही सांगितलं जातं. बीपीचा एक अभ्यास खरोखर आहे : 2007 सालचा, शिकागोचा, फक्त 50 पेशंटचा. सुरुवातीची चाचपणी म्हणून तो ठीक, पण त्याच्या भरवशावर कुणाची गोळी बंद करता येत नाही. ब्रिटनमध्ये 1994 च्या कायद्याने कायरोप्रॅक्टर्सची परिषद आहे. सरकलेला मणका हे रोगाचं कारण आहे असा दावा करण्याइतका संशोधनाचा पुरावा नाही, असं त्या परिषदेनेच 2010 मध्ये सांगितलं. परिषद असली की असं बोलणारं कुणीतरी असतं.

आपल्याकडे 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, पण तो औषधं, ताईत, मंत्र आणि कवचं यांच्यापुरता. हाताने दिलेल्या झटक्याचं नाव त्यात नाही. अ‍ॅटलस किती अंश कलला हे मोजायला क्लिनिकमध्ये एक्स-रे मशीन ठेवलं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. मशीनला कागद लागतो, हाताला लागत नाही.

केंद्राचा 2021 चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे, तिथे काय करायचं ते दिल्ली ठरवेल तेव्हा ठरवेल. तोवर राज्याने आपली तात्पुरती नोंदवही उघडावी. कसोटी शोधायलाही फार दूर जायला नको : जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांत चार वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण आणि किमान 4200 तास धरले आहेत. तेवढं शिकून आलेल्याला नोंदवून घ्या आणि सन्मानाने काम करू द्या. शनिवार-रविवारचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्याला मानेपासून दूर ठेवा. लॉन आणि मंगल कार्यालयांतली शिबिरं महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय होऊ नयेत. सलूनवाल्या दादांना चंपीनंतर मान मोडू नका, हे समजावायला कायदा लागत नाही. त्यांच्या संघटनेची एक बैठक पुरे.

आणि एक काम बिनखर्चाचं आहे, माझा सगळ्यात जास्त जोर त्यावर आहे. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि एम्समध्ये लकव्याचा किंवा अचानक चक्कर येऊन पडलेला पेशंट कॅज्युअल्टीत आला, की केसपेपरवर एक प्रश्न छापलेला असावा : गेल्या महिनाभरात मानेला झटका, मालिश किंवा 'अलाइनमेंट' करून घेतली का? आज हा प्रश्न एखाद्या डॉक्टरला सुचला तर विचारला जातो. त्यामुळे नागपुरात असं किती घडतं, किंवा घडतच नाही, हे मला सांगता येत नाही आणि आपल्यालाही सांगता येणार नाही. वर्षभर ही ओळ भरली गेली, तर पुढच्या अधिवेशनात या विषयावर आकडे हातात घेऊन बोलता येईल. ते आकडे माझी काळजी खोटी ठरवणारे निघाले तरी चालेल.

मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, आपल्याकडे नाही, याची कल्पना आहे. म्हणून या पत्राची प्रत त्या मंत्र्यांनाही पाठवत आहे. मानेवर उपचार करण्याआधी पेशंटकडून भरून घ्यायच्या संमतीपत्राचा एका पानाचा मराठी मसुदा सोबत जोडला आहे. त्यात दुरुस्त्या सुचवण्यासाठी आपल्या विभागाने बोलावलं तर मुंबईलाही येईन.

आपली,
एक नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट
धंतोली, नागपूर