आवाहन : गढीच्या खंदकाचे काम पावसाआधी व्हायला हवे

सप्रेम नमस्कार.

ग्रामसभेच्या ठरावानंतर गढीची पांढरी माती नेणारे ट्रॅक्टर थांबले, पण तोवर पूर्वेचा बुरूज निम्मा गेला होता. उरलेल्याचा नकाशा आज आपल्या हाती आहे तो हायस्कूलच्या निवृत्त चित्रकला सरांमुळे. टेप, ओळंबा आणि दोन विद्यार्थी एवढ्यावर त्यांनी तीन उन्हाळे काढले. मोजणी यंत्राचे भाडे थोरल्या वाड्याने भरले, चाळण्यांसाठी मुंबईकरांनी गणपतीच्या वर्गणीतून रक्कम काढली, खापरे ठेवायला वाचनालयाने माळा मोकळा केला. हे ऋण मंडळ विसरलेले नाही. गेल्या वर्षी खंदकातली वेडी बाभूळ तोडायला नऊ जण आले आणि समारोपाच्या मिसळीला साठ, हेही विसरलेले नाही.

यंदा परवानाधारक उत्खनन तज्ज्ञ उत्तरेला खंदकाला आडवा, दोन मीटर रुंदीचा चर घेणार आहेत. ‘खंदकच का?’ असे बरेच जण विचारतात. गढीत झाडलोट होई, केर खंदकात जाई. खापरे, हाडे, जळके धान्य तिथेच थरावर थर साचते. इनामगावच्या प्राचीन शेतकऱ्यांचे गहू-जव डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८-८३) कळले ते अशाच जळक्या दाण्यांवरून.

मात्र खंदक अधूनमधून उपसला जाई, म्हणून तळाचा गाळ शेवटच्या उपशानंतरचा असतो, खंदक खणला तेव्हाचा नव्हे. शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे) सापडली म्हणून थर शिवकालीन ठरत नाही; पेशवाई बुडाल्यावरही ती पाडली जात होती. मका मूळचा अमेरिकेतला, त्याचा दाणा निघाला तर थर पोर्तुगीज आल्यानंतरचा, पण दाणा काळ्या मातीच्या भेगेतून खाली घसरलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते.

प्रत्येक थराची २० लिटर माती धुवायची आहे. चिकण माती तशीच चाळली तर गोळे होतात. ती खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवायची, हलक्या हाताने ढवळून तरंगणारा कोळसा, म्हणजे जळके दाणेही, अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर घ्यायचा आणि सावलीत वाळवायचा. उन्हात दाणे तडकतात.

बाभूळ जमिनीलगत कापावी, उपटू नये. मुळांबरोबर थर उचकटतात. चरात कुदळ-फावडे तज्ज्ञांच्या सांगण्याशिवाय कोणीही लावायचे नाही. शेवटी तळावर बारदान अंथरून चर बुजवायचा. उघडा राहिला तर पहिल्याच वळवाला कडा बसतील. त्या दिवशी माणसे सर्वांत जास्त लागतील, आणि नेमकी त्याच दिवशी नसतात.

हवे आहे : २०० लिटरची पिंपे २, बारीक जाळी ४ मीटर, ताडपत्र्या ३, बारदान, खाण्याचा सोडा ५ किलो, रोज पाण्याचा एक टँकर, दहा जणांचे दोन वेळचे जेवण (१५ दिवस, घरे वाटून घ्यावीत). रोख देणगी वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८, पावती घेऊनच. श्रमदान सकाळी ७ वाजता, मारुतीच्या पारापासून. टोपी व पाण्याची बाटली ज्याची त्याने आणावी.

आपला,
सचिव