नदीच्या अहवालात आणि मृदा आरोग्य पत्रिकेत सूक्ष्मजीवांची नोंद हवी : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : भीमा खोऱ्यातील नदीचा गाळ व शेतजमीन यांतील सूक्ष्मजीवांची नियमित तपासणी सुरू करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी उजनी जलाशयाच्या फुगवट्यालगतच्या गावात राहतो. सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालो आणि आता घरची शेती पाहतो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, तेच पाणी मोटारीने उचलून आम्ही उसाला आणि हरभऱ्याला देतो. त्यामुळे हे पत्र मी शिक्षक म्हणून जितके लिहीत आहे, तितकेच त्या पाण्याचा वापरकर्ता म्हणूनही लिहीत आहे.

विद्यार्थ्यांना नदी समजावी म्हणून मी त्यांना पाण्याबरोबरच गाळाचा नमुनाही घ्यायला लावत असे. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, जिथे शहराचे पाणी मिळालेले नसते, तिथला गाळ काचेच्या नळीत धरला की वर फिकट तपकिरी रंगाचा पातळ थर दिसतो आणि त्याखाली रंग हळूहळू करडा होत जातो. शहराच्या खालच्या अंगाला घेतलेला गाळ मात्र अगदी वरपासून काळाकुट्ट असतो, काठीने ढवळला की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो काळा रंग म्हणजे नुसती घाण नव्हे. मैलापाण्यातले सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणू विरघळलेला प्राणवायू संपवतात, प्राणवायू संपला की नायट्रेटवर आणि लोहावर जगणारे जिवाणू पुढे येतात, त्यांच्या पाठोपाठ सल्फेटवर जगणारे येतात, आणि त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड गाळातल्या लोहाशी संयोग पावून काळे लोह सल्फाइड तयार होते. सर्वांत शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव उरतात, बुडबुडे प्रामुख्याने त्यांचेच. म्हणजे नदी तीच असली तरी तिच्या तळाशी राहणारी वस्ती पूर्णपणे बदललेली असते. अमोनियाचे नायट्रेट होण्यातला पहिला टप्पा, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट, करणारे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात, त्यांना प्राणवायू लागतो आणि जड धातू सोसत नाहीत, म्हणून या फेरबदलात बहुधा पहिला बळी त्यांचाच जातो. ते गेले की अमोनिया पाण्यात तसाच साचत राहतो.

आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्यातील बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), विरघळलेला प्राणवायू, सामू (पीएच) आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू नियमितपणे मोजते. स्नानयोग्य पाण्यासाठी बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा हा निकषही योग्यच आहे. परंतु हे आकडे त्या दिवशीच्या, वाहून जाणाऱ्या पाण्याचे असतात. वर्षानुवर्षांचा हिशेब गाळात साठतो, आणि गाळात कोण जगले, कोण संपले याची नोंद ठेवणारी नियमित व्यवस्था आपल्याकडे नाही.

ही उणीव केवळ अभ्यासकांना बोचणारी नाही. मुठेच्या गाळातील जनुकांवरचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहरातील गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके शहराच्या वरच्या अंगापेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळली, आणि त्यांत कार्बापेनेम या, इतर प्रतिजैविके चालेनाशी झाल्यावरच वापरायला राखून ठेवलेल्या, औषधांनाही निष्प्रभ करणारी एनडीएम गटातील जनुके होती. प्रतिकाराची जनुके निसर्गात मुळातच असतात, कारण स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे मातीतल्या जिवाणूंकडूनच आपल्याला मिळाली आहेत. मैलापाणी नदीत येते तेव्हा मात्र माणसाच्या आतड्यातले जिवाणू, औषधांचे अवशेष आणि तांबे-जस्तासारखे धातू एकाच गाळात एकत्र येतात. जनुके प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर, बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही, जातात. धातूला तोंड देणारे जनुक आणि औषधाला तोंड देणारे जनुक पुष्कळदा एकाच प्लास्मिडवर असल्यामुळे औषधाचा अंश नसतानाही केवळ धातूच्या दाबाने प्रतिकार टिकून राहतो.

हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे 2007 मध्ये जगासमोर आले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता, पण ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. औषधनिर्मितीत अग्रेसर असलेल्या महाराष्ट्राने हा विषय केंद्राकडे पुन्हा लावून धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता शेताकडे येतो. हरभरा फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास मी एखादे रोप ओल्या मातीतून अलगद उपटतो, मुळे धुतो आणि मुळांवरची गाठ नखाने फोडतो. आतून गुलाबी निघाली तर हवेतला नायट्रोजन पिकाला देणारे जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ नावापुरती आहे. इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रात 1942 ते 1961 या काळात शेतात मैलागाळाचे खत घातले होते. ते थांबवून दोन दशके उलटल्यावर तिथे क्लोव्हर हे शेंगवर्गीय चारापीक लावले, तेव्हा गाठी आल्या पण त्या नायट्रोजन बांधेनात, कारण मातीत साठलेल्या धातूंमुळे कामाचे रायझोबियम (गाठीत राहून नायट्रोजन बांधणारे जिवाणू) मरून गेले होते आणि निकामी वाण तेवढा उरला होता. वरून पाहता ती जमीन चांगलीच दिसत होती.

आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब आणि इतर. जमिनीचे आरोग्य सांगणाऱ्या या पत्रिकेत एकाही सजीवाची नोंद नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. 2017 पासून राबवल्या जात असलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा मी समर्थक आहे. गावतळ्यातला पोयटा माळरानाचे सोने करतो, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. परंतु डोंगरउतारावरून आलेला गाळ आणि मोठ्या शहराच्या खाली साचलेला गाळ यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. शहरी कंपोस्टमधील जड धातूंना खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत. नदीपात्रातून किंवा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून शेतात जाणाऱ्या गाळालाही निदान तेवढी कसोटी लावली पाहिजे.

खडकवासल्यापासून उजनीच्या भिंतीपर्यंत ठरावीक ठिकाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गाळ तपासावा. त्यात प्रमुख प्रतिकारजनुके, प्रतिजैविकांचे अवशेष, धातू आणि अमोनियाचे नायट्रेट करण्याची गाळाची क्षमता एवढे पाहिले तरी पुरे. आपल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत ही कामे करू शकणारी माणसे व यंत्रे आहेत, त्यांना मंडळाशी जोडण्याचा शासन निर्णय तेवढा हवा. निकाल मराठीत आणि ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचावेत. कृषी विभागाच्या सहकार्याने काठच्या गावांतील पत्रिकेत मातीच्या श्वसनाचा (तिच्यातल्या सूक्ष्मजीवांनी कार्बन डायऑक्साइड सोडण्याचा) वेग आणि कडधान्यांच्या गाठींची अवस्था हे दोन रकाने वाढवावेत. गाठी तपासायला प्रयोगशाळाही लागत नाही, गावातली शाळकरी मुलेसुद्धा ते काम करू शकतील आणि त्यांना ते शिकवायला मी विनामोबदला येईन.

यंदाच्या पावसाळ्यापूर्वी पहिला नमुना घेतला जावा, अशी विनंती करून थांबतो.

आपला विनीत,
भीमाकाठचा एक निवृत्त शिक्षक व शेतकरी